नाव गावाकडे, मुक्काम वसतिगृहात: साथीच्या काळात विद्यार्थ्यांनी मतदानाचा हक्क कसा राखावा

साथ आली की कॉलेज बंद होते, वसतिगृह रिकामे करावे लागते आणि विद्यार्थी मिळेल त्या गाडीने घरी जातो. मतदार यादीतले नाव मात्र जिथे नोंदवले तिथेच राहते. २०२० मध्ये अनेकांची अडचण झाली ती इथेच. कुणाचे नाव पुण्यातल्या वसतिगृहाच्या पत्त्यावर आणि माणूस बीडला, कुणाचे नाव दोन्हीकडे, तर कुणाचे कुठेच नाही. विद्यार्थी म्हणून टपाली मतदानाची सोय भारतात नाही. महाराष्ट्रात ऑनलाइन मतदान तर कुणालाच नाही. नाव ज्या केंद्रावर आहे, तिथे स्वतः जावे लागते. त्यामुळे सगळी तयारी निवडणूक जाहीर होण्याच्या आधी करावी लागते, आणि पुढे दिलेल्या क्रमानेच करावी लागते. बहुतेकांची चूक एकच असते: पोर्टल उघडून थेट चौथ्या टप्प्यापासून सुरुवात करणे.

## टप्पा १: नाव कुठे ठेवायचे ते आधी ठरवा

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० च्या कलम १७ आणि १८ नुसार एका व्यक्तीचे नाव एकाच मतदारसंघात आणि एकदाच असू शकते. शिकण्यासाठी बाहेरगावी राहणाऱ्यांना भारत निवडणूक आयोगाने निवड दिली आहे: आईवडिलांच्या घराचा पत्ता किंवा वसतिगृहाचा, खोलीचा पत्ता. दुसरा पर्याय घ्यायचा तर अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाचा हवा. तीन महिन्यांच्या क्लाससाठी शहरात आलेल्यांना तो मिळत नाही.

यातला कोणता पर्याय घ्यावा? ‘मतदानाच्या दिवशी मी नक्की कुठे असेन?’ या प्रश्नाच्या उत्तरावर ते ठरवा. साथीत वसतिगृहे सर्वांत आधी बंद होतात आणि सर्वांत शेवटी उघडतात. म्हणून कॉलेजच्या वसतिगृहात राहणाऱ्या बहुतेकांनी नाव घरच्या पत्त्यावरच ठेवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. शिक्षणाचे वर्षभरच उरले असेल तर नाव हलवूच नका. शहरात नोंदणी करणे शहाणपणाचे आहे ते पाचेक वर्षांचा अभ्यासक्रम असलेल्यांना, भाड्याच्या घरात कायम राहणाऱ्यांना आणि लॉकडाऊन लागला तरी शहरातच थांबणार असलेल्यांना. वैद्यकीय आणि नर्सिंगचे विद्यार्थी यातच येतात, कारण साथीच्या काळात त्यांना सुट्टी मिळण्याची शक्यता सर्वांत कमी.

गावाकडच्या मुलामुलींनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. गावच्या मतदार यादीत ज्यांची नावे असतात, तेच ग्रामसभेचे सदस्य असतात. नाव शहरात नेले की ग्रामपंचायतीचे मत जाते आणि ग्रामसभेत बोलण्याचा, ठरावावर हात वर करण्याचा हक्कही जातो. साथीच्या काळात विलगीकरण केंद्र कुठे, पाण्याचा टँकर कधी, शाळेची खोली कुणाला, हे सगळे गावातच ठरते. घरी परतलेल्या विद्यार्थ्याला तिथे खरे काम करता येते.

इशारा: यादीच्या पडताळणीला बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, घरी येतात आणि ‘मुलगी कुठे असते?’ असे विचारतात. घरच्यांनी ‘ती आता पुण्यालाच असते’ एवढेच सांगितले तर नाव स्थलांतरित म्हणून वगळण्याच्या यादीत जाऊ शकते. ‘शिकायला गेली आहे, राहते घर हेच’ असे स्पष्ट सांगायला घरी सांगून ठेवा. तात्पुरते बाहेर राहिल्याने सर्वसाधारण निवास संपत नाही, हे कलम २० मध्येच आहे.

## टप्पा २: नाव आधीच कुठे आहे का, ते पाहा

हा टप्पा गाळल्यामुळे दुबार नावे तयार होतात. आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर (व्होटर्स डॉट ईसीआय डॉट जीओव्ही डॉट इन) तीन प्रकारे शोधता येते: ओळखपत्र क्रमांक टाकून, नाव-वय-जिल्हा टाकून किंवा नोंदवलेला मोबाइल क्रमांक टाकून. नावाने शोधताना एकदा मराठीत आणि एकदा इंग्रजीत शोधा. आडनावाच्या दोन-तीन स्पेलिंगही करून पाहा. बारावीत असताना शाळेच्या शिबिरात अर्ज भरून दिला होता आणि नंतर विसर पडला, असे बऱ्याच जणांचे होते.

शोधात काय सापडते त्यावर पुढचा अर्ज ठरतो.

नाव कुठेच नसेल तर फॉर्म ६. सरकारी मराठीत त्यालाच नमुना ६ म्हणतात. नाव आहे पण जागा बदलायची आहे, स्पेलिंग चुकले आहे, फोटो चुकीचा आहे किंवा ओळखपत्र हरवले आहे, तर फॉर्म ८. ऑगस्ट २०२२ पासून ही सगळी कामे एकाच फॉर्म ८ मध्ये होतात. जुने नाव काढण्यासाठी वेगळा अर्ज लागत नाही. नाव दोन ठिकाणी सापडले तर जिथे मतदान करणार नाही, तिथले नाव वगळण्यासाठी फॉर्म ७ भरा.

इशारा: नाव गावी असताना शहरात नवा फॉर्म ६ भरू नका. त्या अर्जात ‘माझे नाव इतर कुठेही नाही’ या अर्थाच्या घोषणेवर तुम्ही सही करता. खोट्या घोषणेला १९५० च्या याच कायद्याच्या कलम ३१ नुसार एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

## टप्पा ३: वयाची तारीख आणि कागद

१८ वर्षे कोणत्या दिवशी पूर्ण हवीत? पूर्वी फक्त १ जानेवारी हीच तारीख होती. आता वर्षात चार अर्हता दिनांक आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. २० मे २००८ चा जन्म असेल तर २० मे २०२६ ला अठरा पूर्ण होतात आणि १ जुलै २०२६ च्या अर्हता दिनांकाला नाव लागते. सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज करता येतो. तुमचा तिमाहीचा दिनांक आला की त्यावर निर्णय होतो. साथीत सरकारी कामांना उशीर होतो, म्हणून आगाऊ अर्जाचा फायदा जरूर घ्या.

जन्मतारखेसाठी दहावी किंवा बारावीचे जन्मतारीख असलेले प्रमाणपत्र, जन्मदाखला, आधार, पॅन, पासपोर्ट किंवा वाहनपरवाना यांपैकी एक चालते. पत्त्यासाठी आधार, बँकेचे किंवा पोस्टाचे पासबुक, पासपोर्ट, वीज-पाणी-गॅसचे बिल किंवा नोंदणीकृत भाडेकरार. नोटरीच्या शिक्क्याचा अकरा महिन्यांचा करार आणि नोंदणीकृत करार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला जोडून अर्ज करणाऱ्यांना बहुधा परत बोलावणे येते.

वसतिगृहाच्या पत्त्यासाठी लागतो तो प्राचार्य, संचालक, कुलसचिव किंवा अधिष्ठाता यांच्या सहीचा बोनाफाइड दाखला. तो मतदार नोंदणीसाठीच्या ठरलेल्या मसुद्यात घ्या. एसटीच्या पाससाठी मिळतो तो छापील बोनाफाइड पुरत नाही, कारण त्यात वसतिगृहाचा पत्ता नसतो. दाखल्यात तुमचे नाव, अभ्यासक्रम, त्याचा कालावधी आणि खोली क्रमांकासह पूर्ण पत्ता आहे ना, हे कार्यालयाच्या खिडकीसमोरच तपासा. कॉलेज बंद होण्याची चिन्हे दिसताच सर्वांत आधी हा कागद मिळवा. बाकी सगळे घरून जमते, पण ही सही घरून मिळवताना फार हाल होतात.

तपासणी: कागद सपाट ठेवून, चारही कोपरे दिसतील असे, उजेडात स्कॅन करा. प्रत्येक फाइल २ एमबीच्या आत ठेवा. फोटो पासपोर्ट पद्धतीचा, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, समोर पाहणारा हवा. गच्चीवरचा सेल्फी कापून लावू नका. आणि साथ असली तरी फोटोत मास्क नको.

## टप्पा ४: अर्ज भरणे

अर्ज पोर्टलवरून भरा किंवा बीएलओकडे कागदावर द्या. दोन्हीला शुल्क नाही. पैसे मागणारी, बँकेचा तपशील किंवा ओटीपी मागणारी कुठलीही लिंक खोटी समजा. साथीत ‘घरबसल्या ऑनलाइन मतदान’ असे संदेश हमखास फिरतात. ते पुढे पाठवू नका.

सर्वांत जास्त चुका नावाच्या रकान्यात होतात. इंग्रजीत नाव टाकले की पोर्टल शेजारच्या रकान्यात आपोआप मराठी नाव तयार करते, आणि ते पुष्कळदा चुकते. ‘साठे’चे ‘साथे’ होते, ‘पाटील’चे ‘पतिल’, ‘काळे’चे ‘काले’. मराठी रकाना हाताने दुरुस्त करा. यादी मराठीत छापली जाते, केंद्रावरचा अधिकारी मराठी नाव वाचतो आणि आधारवरच्या नावाशी ताडून पाहतो. वडिलांच्या किंवा आईच्या नावाच्या रकान्यालाही हेच लागू.

घरच्या पत्त्यावर नोंदणी करत असाल तर कुटुंबातल्या मतदाराचा ओळखपत्र क्रमांक त्या रकान्यात जरूर भरा. त्यामुळे तुमचे नाव घरच्यांच्याच यादी भागात, म्हणजे एका केंद्राच्या यादीत, जाण्याची शक्यता वाढते. नाहीतर आईचे केंद्र जिल्हा परिषद शाळेत आणि तुमचे पलीकडच्या वस्तीत, असे होते. मोबाइल क्रमांक स्वतःचाच द्या. मित्राच्या फोनवरून अर्ज भरला आणि त्याचाच क्रमांक टाकला तर ई-ओळखपत्र उतरवताना ओटीपी त्याच्याकडे जाईल. मतदारसंघ निवडताना शहरात विशेष काळजी घ्या. पुण्यात रस्त्याच्या एका बाजूला एक विधानसभा मतदारसंघ आणि समोरच्या बाजूला दुसरा, अशी ठिकाणे आहेत. त्याच इमारतीतल्या एखाद्या मतदाराच्या ओळखपत्र क्रमांकावरून शोध घेतला की मतदारसंघ आणि यादी भाग दोन्ही कळतात.

राज्यात विशेष सखोल पुनरीक्षण, म्हणजे मतदार यादीची घरोघरी नव्याने तपासणी, चालू असेल तर फॉर्म ६ सोबत जादा घोषणापत्र मागतात. त्या काळात अर्ज करणाऱ्यांनी मतदार यादीतल्या आईवडिलांच्या जुन्या नोंदींचा तपशील हाताशी ठेवावा.

तपासणी: शेवटी संदर्भ क्रमांक मिळतो. त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि वहीतही लिहून ठेवा. संदर्भ क्रमांक आला नसेल तर अर्ज गेलेलाच नाही, तो मसुदा म्हणून पडून आहे.

## टप्पा ५: अर्जानंतरची वाट

अर्ज दिला म्हणजे नाव लागले, असे नाही. आधी आक्षेपांसाठी यादी लावतात. त्यासाठी किमान सात दिवस जातात. मग बीएलओ पत्त्यावर येऊन खात्री करतात, आणि शेवटी मतदार नोंदणी अधिकारी निर्णय देतात. साथीत अर्ज अडकतात ते दुसऱ्या पायरीवर. बीएलओ वसतिगृहात जातात, फाटकाला कुलूप असते आणि शेरा पडतो: ‘पत्त्यावर आढळून आले नाहीत’.

हे टाळण्यासाठी अर्ज केल्यावर चार-पाच दिवसांनी स्वतः बीएलओंना फोन करा. त्यांचे नाव आणि क्रमांक पोर्टलवर यादी भागाच्या तपशिलात सापडतो, नाहीतर १९५० या हेल्पलाइनवर विचारा. बीएलओ बहुतेक ठिकाणी शाळेचे शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका असतात, आणि साथीत त्यांच्याच माथी घरोघरीचे सर्वेक्षणही असते. नम्रपणे बोला, संदर्भ क्रमांक सांगा आणि वसतिगृहाच्या रेक्टरांचा क्रमांक द्या. घरचा पत्ता असेल तर दारात कोण भेटेल ते सांगा.

अर्ज नाकारला गेला तर कारण पोर्टलवर दिसते. कागद अपुरा असेल तर नवा अर्ज करणे हाच लवकरचा उपाय. कारण चुकीचे वाटत असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते.

मंजुरीनंतर ओळखपत्र टपालाने पत्त्यावर येते. वसतिगृह बंद असेल तर ते परतही जाऊ शकते. जानेवारी २०२१ पासून ई-ओळखपत्र पीडीएफ स्वरूपात उतरवता येते. ते उतरवून लगेच छापून घ्या.

## टप्पा ६: शेवटची तारीख नेमकी कोणती?

‘निवडणूक जाहीर झाली की बघू’ या एका वाक्यापायी दर निवडणुकीत असंख्य नवमतदार बाहेर राहतात. उमेदवारी अर्ज भरण्याच्या अंतिम तारखेनंतर यादीत बदल होत नाही, आणि अर्जावर प्रक्रिया व्हायला त्याआधी साधारण दहा दिवस लागतात. महाराष्ट्र विधानसभेची २०२४ ची निवडणूक घ्या. घोषणा १५ ऑक्टोबरला, उमेदवारी अर्जांची अंतिम तारीख २९ ऑक्टोबर, मतदान २० नोव्हेंबरला. म्हणजे नोंदणीची खरी मुदत १९ ऑक्टोबरला संपली. घोषणेनंतर हातात उरले चार दिवस.

स्थानिक निवडणुकांचे गणित याहून कडक आहे. महापालिका, नगरपरिषदा, जिल्हा परिषदा आणि ग्रामपंचायतींच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तो स्वतः नवी नावे नोंदवत नाही. ठरवलेल्या दिवशी अस्तित्वात असलेली विधानसभेची यादी घेऊन प्रभागांत विभागतो. जानेवारी २०२६ मध्ये झालेल्या महापालिका निवडणुकांसाठी १ जुलै २०२५ ची यादी वापरली गेली. त्यानंतर नाव नोंदवलेल्यांना हातात ओळखपत्र असूनही मत देता आले नाही. प्रारूप प्रभागनिहाय यादी लागते तेव्हा हरकत घेता येते ती चुकून दुसऱ्या प्रभागात गेलेल्या नावावर, लेखनिकाच्या चुकीवर किंवा विधानसभेच्या यादीत असून प्रभागात सुटलेल्या नावावर. नवे नाव घाला, अशी हरकत फेटाळली जाते.

साथीत तारखाच पुढे जातात, हेही लक्षात ठेवा. ३१ मार्च २०२० ला होणारी १,५६६ ग्रामपंचायतींची निवडणूक थांबवावी लागली, आणि पुढे १५ जानेवारी २०२१ ला एकूण १४,२३४ ग्रामपंचायतींसाठी मतदान ठरले. निवडणूक पुढे गेली की यादीही नव्याने होण्याची शक्यता असते. म्हणून नवा कार्यक्रम आला की टप्पा २ पुन्हा करा.

## टप्पा ७: आजारी किंवा विलगीकरणात असाल तर

कोविडच्या काळात आयोगाने दोन मार्ग ठेवले होते.

पहिला, बाधित किंवा संशयित मतदारांसाठी टपाली मतपत्रिका. त्यासाठी फॉर्म १२-डी भरून, आरोग्य यंत्रणेचे प्रमाणपत्र जोडून, अधिसूचनेनंतर पाच दिवसांच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे पोचवायचा होता. म्हणजे मतदानाच्या आदल्या आठवड्यात बाधित झालेल्याला हा मार्ग बंदच होता.

त्यांच्यासाठी दुसरा: मतदानाच्या शेवटच्या तासात, आरोग्य कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली केंद्रावर मतदान. केंद्रावर ताप जास्त भरलेल्यांनाही टोकन देऊन त्याच तासाला बोलावत.

इशारा: फॉर्म १२-डी मंजूर झाला की यादीत नावापुढे टपाली मतपत्रिकेची खूण होते. मग बरे वाटले तरी केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. आजीआजोबांचा अर्ज भरून देताना हे त्यांना आधी समजावून सांगा. २०२० मध्ये ही सोय ८० वर्षांवरील मतदारांनाही होती, २०२४ मध्ये वयोमर्यादा ८५ झाली. पुढच्या साथीत तरतुदी याच असतील असे धरू नका. त्या त्या निवडणुकीचे परिपत्रक वाचा.

## टप्पा ८: मतदानाचा दिवस

आदल्या दिवशी केंद्र पुन्हा पाहा. २१ ऑगस्ट २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी एका केंद्रावरची कमाल मतदारसंख्या १,५०० वरून १,००० केली होती. त्यामुळे सहायक केंद्रे निघाली आणि काही मतदारांची खोली बदलली. गेल्या वेळची शाळा तीच असली तरी खोली तीच असेल, असे नाही. यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक कागदावर लिहून न्या.

ओळखीसाठी मतदार ओळखपत्र, नाहीतर आधार, पॅन, वाहनपरवाना, पासपोर्ट किंवा फोटो असलेले बँक-पोस्टाचे पासबुक यांसारखा मान्य पुरावा न्या. कॉलेजचे ओळखपत्र मान्य पुराव्यांत नाही. घरी पोचवलेली मतदार माहिती चिठ्ठीही ओळखीचा पुरावा नाही. मोबाइल मतदानाच्या खोलीत नेता येत नाही, म्हणून केवळ फोनमधल्या ई-ओळखपत्रावर विसंबू नका.

साथीचे नियम असतील तर मास्क हवाच, आणि ओळख पटवण्यासाठी तो क्षणभर खाली घ्यावा लागतो. कोविडच्या काळात नोंदवहीत सही करण्यासाठी आणि बटण दाबण्यासाठी हातमोजा देत. तो उजव्या हातात घाला. डाव्या हाताची तर्जनी शाईसाठी मोकळी हवी. विधानसभा-लोकसभेला बटण दाबल्यावर शेजारच्या काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते. तेवढा वेळ थांबा, नाव आणि चिन्ह पाहा.

महापालिकेला पद्धत वेगळी. मुंबईत एका प्रभागातून एकच सदस्य, म्हणून एकच मत. इतर महापालिकांत बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे, त्यामुळे अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी वेगळे बटण दाबायचे. एखाद्या जागेचा कोणताच उमेदवार पसंत नसेल तर त्या जागेपुढचे ‘नोटा’ दाबा. सगळ्या जागांची बटणे दाबली गेल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही. नवे मतदार एक बटण दाबून वळतात आणि अधिकाऱ्याला त्यांना परत बोलवावे लागते. लांब आवाज ऐकूनच बाहेर या.

आत गेल्यावर ‘तुमचे मत आधीच पडले आहे’ असे कळले तर परत फिरू नका. केंद्राध्यक्षांना ओळखपत्र दाखवा, त्यांच्या प्रश्नांची उत्तरे द्या आणि प्रदत्त मताची मागणी करा. लोक त्यालाच टेंडर मत म्हणतात. हे मत यंत्रावर नाही, कागदी मतपत्रिकेवर द्यायचे असते आणि ती वेगळ्या पाकिटात ठेवली जाते. त्याआधी प्रदत्त मतांच्या यादीत तुमच्या नावासमोर सही करायला लावतात. ती सही केल्याशिवाय मतपत्रिका मिळत नाही.